अण्णांच्या कॉम्प्युटरातला पोटभाडेकरू

"माझ्या कॉम्प्युटरात दुसरा कॉम्प्युटर? आन् त्यो बसनार कुठं?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलाखालच्या पेटीकडं संशयानं पाहिलं. आत कुणीतरी आधीच घुसून वळकटी सोडून बसलंय की काय, असं त्यांना वाटलं असावं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. इचलकरंजीत आमच्या घराला लागूनच मागांची शेड होती आणि ती माझा नवरा सुहास बघायचा. अण्णांनी मागावरून अंग काढून घेऊन साडीच्या काठांची डिझाईनं काढायचं काम धरलं होतं. पूर्वी ते आलेखाच्या कागदावर चौकोन भरत बसायचे, आता कॉम्प्युटरवर भरायचे. त्यांचा तो डिझाईनचा प्रोग्राम एका काळ्या किल्लीशिवाय उघडत नसे. चिमटीत मावेल एवढी ती वस्तू पेटीच्या पाठीमागं खोचावी लागायची. विकणाऱ्यानं तिला डोंगल म्हटलं होतं, पण अण्णांनी ते नाव काही मनावर घेतलं नाही. आंघोळीला जाताना ते किल्ली काढून देव्हाऱ्यात ठेवायचे.

घरात कॉम्प्युटर तेवढा एकच, आणि दुसरा घ्यावा असे ते दिवस नव्हते.

आणि मी, हेमलता सुहास बुगड, संगणकाची पदवी घेऊन त्या घरात नवीन आलेली सून. दोन कंपन्यांनी "लिनक्स येतं का?" एवढंच विचारून मला बाहेरची वाट दाखवली होती. तिसरी कंपनी नोएडाची होती. त्यांनी कळवलं, की घरच्या मशिनवर लिनक्स लावा, त्यात एक लहानशी वेबसाईट चालती ठेवा. ठरल्या दिवशी आमचा माणूस तिकडून तुमचा स्क्रीन बघेल, काहीतरी बिघडवेल, आणि तुम्ही ते त्याच्या देखत दुरुस्त करायचं. जमलं तर घरबसल्या नोकरी. नाही जमलं तर दिवाळीपासून मी शेडमध्ये सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायचं, हे घरात जवळजवळ ठरलेलंच होतं. त्या कामाची मला लाज नव्हती. पण एवढी वर्षं शिकलेलं गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकायला मी तयार नव्हते.

"अण्णा, शेडचंच उदाहरण घ्या," मी म्हटलं. "शेड तुमची, लाईट तुमची. एका कोपऱ्यात दुसऱ्या कुणाला माग लावू दिला, तर तुमचे माग बंद पडतात का?"

"पडत न्हाईत. पर त्यो मानूस माजं सूत चोरतो."

"हा नाही चोरायचा. याला तुमचे माग दिसणारच नाहीत. कोपरा म्हणजेच अख्खी शेड, आणि तीही आपल्या मालकीची, असंच त्याला वाटत राहणार."

अण्णा विचारात पडले. "म्हंजी खुळंच हाय की ते."

"खुळंच आहे. आणि नकोसं झालं की उचलून बाहेर टाकायचं. तुमच्या एका काठाला धक्का लागणार नाही."

"पोटभाडेकरू," अण्णांनी निकाल दिला. आता प्रकरण त्यांच्या ओळखीच्या मुलखात आलं होतं. "जागा किती लागंल?"

"वीस जीबी."

"पाच."

"अण्णा, पाचात त्याचे पायसुद्धा मावायचे नाहीत."

"आठ घे. आन् मागनं वाढीव मागायची न्हाई."

अण्णांशी घासाघीस करून सुताचे व्यापारीही दमलेले होते. मी आठावर गप्प बसले.

सुहासनं नेट कॅफेतून लिनक्सची तबकडी करून आणली. मी कामाला बसले तसे अण्णा खुर्ची ओढून माझ्या पाठीशी बसले. नवा कारागीर मागावर बसला की मालक बसतो, अगदी तसे. आधी मी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठ मिटली ती काम संपेपर्यंत उघडली नाही.

पहिल्याच पावलाला ठेच लागली. आतलं यंत्र सुरू होईना. कॉम्प्युटरच्या मुळातच एक परवानगी बंद होती आणि ती उघडायला पेटी चालू होता होताच आत शिरावं लागणार होतं. मी पेटी बंद करून पुन्हा चालू केली आणि एक बटण दाबत राहिले. पडदा निळाभोर झाला.

"काठ गेलं," अण्णा म्हणाले.

"काही गेलं नाही. हे तळघर आहे."

"माज्या कॉम्प्युटराला तळघर हाय आन् मलाच ठावं न्हाई?"

"तुम्हाला कधी गरज पडली नाही ना."

मी परवानगी दिली आणि वर आले. अण्णांचे काठ जागच्या जागी होते. त्यांनी एकेकाचं नाव माझ्याकडून वाचून घेतलं, तेव्हा कुठं पुढं जायची मुभा मिळाली. मग लिनक्स चढायला लागलं. ते इतकं सावकाश चढत होतं, की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोनदा चहा ठेवून गेल्या. आई फारसं बोलत नसत. कप ठेवायच्या, पडद्याकडं एकदा बघायच्या आणि आत जायच्या.

शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उभी राहिली.

"चित्र कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"चित्र नाही. याला लिहून सांगायचं आणि हे लिहून उत्तर देतं."

"बघू, सरक."

मी सरकले. पासवर्ड टाकायचा होता. अण्णांनी एका बोटानं एक अक्षर दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी आणखी जोरात दाबलं, मग कीबोर्ड उलटा करून झटकला.

"मेला ह्यो."

"मेला नाही अण्णा. लिनक्समध्ये पासवर्ड टाकताना काही दिसत नाही. पण आत सगळी नोंद होत असते."

अण्णांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. "आमच्या हिच्यावानी म्हन की. तोंडातनं शबुद न्हाई, पर समदं नोंदतंय."

आत एक भांडं जरा जोरात ठेवलं गेलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी अण्णांचं काम आवरलं की तासभर पेटी माझी. मी वेबसाईट उभी केली, मुद्दाम मोडली, पुन्हा उभी केली. अण्णाही हळूहळू रमले. "पोटभाडेकरू उठला का?" म्हणून विचारायचे आणि आलेल्या-गेलेल्याला अभिमानानं सांगायचे, "आमच्या कॉम्प्युटराच्या पोटात अजून एक हाय. खुळं हाय, पर काम करतंय."

मग नोएडाहून परीक्षेची तारीख आली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. खंडेनवमी.

आमच्या घरी दिवाळी एकवेळ साधी झाली असती, पण खंडेनवमी नाही. त्या दिवशी मागांना झेंडूच्या माळा, आडवं सूत नेणाऱ्या धोट्यांना हळदकुंकू, नारळ, गूळखोबऱ्याचा नैवेद्य. आणि पूजा झाली की त्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. कॉम्प्युटर आल्यापासून तोही पूजेत असायचा. त्याच्या पडद्याला अण्णा स्वतः गंध लावायचे, आणि ते पुसायला मग आठवडा जायचा.

मी नोएडाला फोन करून पाहिला. तिकडच्या बाईंना खंडेनवमी कशाशी खातात तेच माहीत नव्हतं. दुसरी तारीख मिळणार नाही, एवढं त्यांनी गोड आवाजात सांगितलं.

पूजेच्या आदल्या दिवशी जेवताना मी विषय काढला.

"अण्णा, यंदा कॉम्प्युटर पूजेत नाही मांडला तर?"

अण्णांचा घास हातात राहिला. "ज्येनं वर्सभर खायाला घातलं, त्येला पूजेतनं वगळू? माझा बा काय म्हनायचा ठावं हाय का? वर्सभर त्ये आपल्यासाठी राबतंय, एक दिस त्येला बसू द्यावं. त्येवढी बी लाज न्हाई का आपल्याला?"

"मग पूजा करा आणि तासभर मला वापरू द्या."

"पूजा झाल्यावर हात लावायचा?" ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते कासावीस झाले होते. "हेमा, तू म्हनशील ते दिलं असतं गं. ह्ये नगं मागू."

सुहास ताटात बघत भात कालवत राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी तिखटाचं निमित्त केलं. अण्णांचा मला राग येत नव्हता, हीच खरी अडचण होती. मागाला विश्रांती द्यावी असं मनापासून वाटणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

वाढता वाढता आई थांबल्या.

"मी दरसाल एक इळी बाजूला ठेवतीच की," त्या म्हणाल्या.

"काय?" अण्णांना कळलं नाही.

"पितळी मुठीची चांगली इळी पूजेत देती. जुनी बाजूला ठेवती. समद्याच पूजेत मांडल्या तर नवमीला भाजी कशानं चिरायची? तुमी जेवनार काय?"

एवढं बोलून त्यांनी अण्णांच्या पानात आमटी वाढली आणि त्या आत गेल्या. जेवण झाल्यावर कितीतरी वेळ अण्णा पेटीसमोर खुर्ची टाकून बसले होते, चालू न करता.

सकाळी मी बाहेर आले तेव्हा पूजा होऊन गेली होती. शेडमध्ये कधी नव्हे ती शांतता होती आणि प्रत्येक माग झेंडूत बुडाला होता. मी पुढच्या खोलीत गेले. चौरंगावर तांब्याचं ताम्हन, ताम्हनात विड्याचं पान आणि पानावर हळदकुंकू लावलेली ती काळी किल्ली.

पेटी टेबलाखाली तशीच होती. तिला ना फूल होतं, ना गंध.

"माजं हत्यार ही किल्ली," अण्णा म्हणाले. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि ते माझ्याकडं बघत नव्हते. "किल्लीबिगर पेटी माज्या काय कामाची? आज किल्ली बसली. पेटी पूजेत न्हाई. तुज्या पोटभाडेकरूला सुट्टी द्यायची का न्हाई, ते तुजं तू बघ."

मी नमस्काराला वाकले.

"पास झाल्यावर वाक," ते म्हणाले आणि चटकन शेडकडं निघून गेले.

मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, वायरी हलवून पाहिल्या. मग सुहासच्या लक्षात आलं. पुढची खोली पूर्वी शेडचाच भाग होती आणि तिची लाईट शेडच्या मीटरवर होती. मागांना विश्रांती म्हणून अण्णांनी पहाटेच शेडचा मेन खटका ओढला होता आणि त्यालाही माळ घातली होती.

आम्ही तिघं त्या खटक्यासमोर जाऊन उभे राहिलो. त्याच्या कपाळी चांगलं ठसठशीत कुंकू होतं.

"मीच वढला की," अण्णा पुटपुटले. "त्येला तरी कशाला माळ घालाय गेलो मी."

"वर करू का अण्णा?" सुहासनं विचारलं.

अण्णांनी खटक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा खटक्याकडं पाहिलं. परीक्षेची वेळ जवळ येत होती.

"ती पेटी आत आना," आईंचा आवाज आला. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "चुलीला कुठं सुट्टी हाय?"

घरची लाईट वेगळी होती, आणि नेटची वायर ताणून पोचेल असा एकच प्लग होता, मिक्सरचा. मग काय, लग्नाच्या वरातीसारखे निघालो. सुहासनं पेटी उचलली, मी पडदा घेतला, अण्णांनी कीबोर्ड छातीशी धरला. आईंनी पिठाचा डबा हलवून कट्ट्यावर जागा केली, मिक्सर काढून खाली ठेवला आणि वाटणासाठी पाटा ओढला.

पोटभाडेकरू उठला. नोएडाचे भटनागरसाहेब फोनवर आले. माझा स्क्रीन त्यांना दिसायला लागला आणि त्याच क्षणी आमच्या कुकरनं शिट्टी दिली.

"ये कैसी आवाज़ है?"

"कुकर है सर."

"अच्छा," साहेब म्हणाले. "चलिए, शुरू करते हैं."

त्यांनी काहीतरी बिघडवलं आणि माझी वेबसाईट झोपली. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायला लागली तशी मी कामाला लागले. नोंदी वाचल्या, चूक सापडली, दुरुस्त केली. वेबसाईट सुरू करायला गेले. सुरू होईना. पुन्हा पाहिलं. माझी दुरुस्ती बरोबर होती, तरीही ती उठेना.

दाराआड अण्णा कान लावून उभे होते. आई माझ्या शेजारी खाली बसून जुन्या विळीवर भोपळा चिरत होत्या. त्यांनी हात थांबवला नव्हता, पण आवाज मात्र अजिबात होऊ देत नव्हत्या.

मी आणखी एक गोष्ट तपासली आणि मराठीतच बोलून गेले, "अगं बाई, जागा संपली."

दाराआडून अण्णा आत आले. "घे की गं मग! आठाचं धा कर. बारा कर."

"आता नाही येत अण्णा. चालू मागावर शेड वाढवता येत नाही."

"मग?"

"अडगळ काढते."

रोजच्या सरावात आत कितीतरी जुन्या फायली साठल्या होत्या. त्या शोधून मी काढून टाकल्या, पुन्हा वेबसाईट सुरू केली, आणि ती उठली. नोएडाला तिकडं साहेबांच्या पडद्यावरही ती दिसली.

"पहली गड़बड़ हमने की थी," साहेब म्हणाले. "ये दूसरी किसने की?"

"ससुरजी ने, सर."

साहेब इतके हसले, की फोनमधून ते अण्णांनाही ऐकू गेलं. आपल्याबद्दल काय चाललंय ते न कळताही अण्णा हसले.

"काय म्हनला?" फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं.

"कळवतो म्हणाले."

"म्हंजी न्हाई."

"म्हणजे कळवतील, अण्णा."

आईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि भोपळा फोडणीला टाकला.

त्यांनी कळवलं. दिवाळीच्या फराळाचं तळण चालू असताना फोन आला आणि मी अण्णांच्या पायाशी वाकले, तेव्हा त्यांनी हात धरून मला आईंकडं वळवलं. "आदी तिकडं," म्हणाले. तेव्हा मला वाटलं, मिक्सरच्या प्लगबद्दलच म्हणत असतील.

आज माझ्या देखरेखीखाली असली शेकडो आतली यंत्रं चालतात, आणि कुणी नव्यानं शिकायला आलं की मी अजूनही शेडच्या कोपऱ्यापासूनच सुरुवात करते. पण मला सांगायचंय ते पुढच्या वर्षाच्या खंडेनवमीचं.

तोवर कंपनीनं मला लॅपटॉप दिला होता. पूजेची तयारी झाली. आमच्याकडं ही पूजा बाप्यांनी करायची, बायकांनी ताट सजवून द्यायचं, असा शिरस्ता. मी ताट घेऊन गेले, तर अण्णांनी माझ्यासाठी वेगळा पाट मांडून ठेवला होता.

"हत्यार ज्याचं, पूजा त्येनं करायची," ते म्हणाले. "तुजं तू मांड. फोन बी बंद कर. आज त्येला बसू दे."

मी लॅपटॉप पाटावर ठेवला. त्याच्या शेजारी घरातली बाकीची हत्यारं होती. कात्री होती, पाना होता, पितळी मुठीची ती लखलखीत विळी होती. हळदीचं बोट उचललं आणि मला स्वयंपाकघरातून भाजी चिरल्याचा आवाज आला.

माझ्यासाठी एकदा एक पेटी पूजेबाहेर राहिली, तर त्याचं कौतुक वर्षभर गल्लीत चाललं होतं. आत जी विळी चालली होती, ती आई लग्न होऊन आल्यापासून दरसाल पूजेबाहेर होती. तिचं पातं झिजून निम्मं झालं होतं. पूजा व्हायची ती न वापरलेल्या विळीची. आणि त्या दिवशी जेवताना आईंनी ते आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं. आम्ही त्यातून माझी वाट तेवढी काढून घेतली होती.

मी उठून आत गेले आणि आईंच्या पुढून विळी उचलली.

"अगं, भाजी व्हायचीय."

"हत्यार ज्याचं, पूजा त्यानं करायची," मी म्हटलं. "चला."

ती झिजकी विळी मी लॅपटॉपशेजारी पाटावर ठेवली. आई दारातच घुटमळल्या. अण्णांनी विळीकडं पाहिलं, मग आईंकडं. मग ते उठले आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"अवो, कुठं निघाला?"

"मिसळ आनतो. हाटेलवाल्यानं एक कढई बाजूला ठिवली असंल का न्हाई, बघतो." चपला घालता घालता ते थांबले. "तुला तिखट चालंल न्हवं?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला असावा. आई पदराला हात पुसत पाटासमोर येऊन बसल्या. विळीचं पातं पुसून मिटलं, त्याला हळद लावली, कुंकू लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं.

"बस बाई आता," त्या विळीला म्हणाल्या. "लई वर्सं राबलीस."

आणि मग उठायचं विसरून त्या स्वतःही तिथंच बसून राहिल्या.